वहिनींचा चहा आणि सुभेदाराचे सेल

९ नोव्हें., रविवार. सातारा.

सकाळी सुभेदार हजर. त्याचं नाव या वहीतही पूर्ण लिहीत नाही. सदऱ्याच्या आतल्या खिशात जे यंत्र घालून तो हिंडतो, ते विकायला, परदेशातून आणायला, साठवायला या देशात बंदी आहे आणि मी पडलो वार्ताहर. मागे एका पानटपरीवर असल्याच यंत्रांसाठी छापा पडला, ती बातमी मीच दिली होती. 'तरुणाई विळख्यात' हा मथळा मात्र डेस्कचा. सुभेदार तरुणाईत बसत नाही. माझ्याबरोबर चौथीत होता, यावरून काय ते समजावं. इथून पुढे 'सु.' पुरे.

त्याच्या हृदयात स्टेंट बसला तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं, बिडी तरी ठेवा नाहीतर स्वतःला. बिडी सुटेना. मुलगा जहाजावर नोकरीला. तो सुट्टीवर आला तेव्हा कुठल्याशा बंदरातून बिडीऐवजी ओढायचं हे सेलवरचं यंत्र आणि आंब्याच्या स्वादाच्या बाटल्या घेऊन आला. बिडी सुटली. यंत्र धरलं.

आजची तक्रार: "पंडित, आधी दोन दिस जायचं, आता दुपारच्याला मरतंय. सेल कवा बदलायचा असतो रं? तू एवढं वाचतोस."

मला कुठल्या यागाला कुठल्या झाडाची समिधा ते अजून पाठ आहे. सेल कधी बदलायचा, हे पाठशाळेत नव्हतं. तसं सांगितलं. म्हणाला, मग आता शीक, वय काय झालंय तुझं.

यंत्र पाहिलं. काडेपेटीहून थोराड, झाकण सरकवलं की आत दोन सेल शेजारी शेजारी, उलटसुलट झोपवलेले. एकाच्या अंगावरचं प्लास्टिक वरच्या काठाला फाटलंय. बघताना उगाच मजा वाटली. नंतर हात धुतले. का, कोण जाणे.


११ नोव्हें.

दोन दिवस वाचन. बातमी द्यायची होती पाणीपुरवठ्याची, ती दिली. उरलेला वेळ सेल.

सेल एका दिवशी मरत नाही. म्हातारा होतो. दर चार्जिंगला थोडा झिजतो, उन्हात जास्त झिजतो, आणि गंमत म्हणजे कपाटात नुसता पडून राहिला तरी झिजतो. काम करा, करू नका, वय होणारच. हे वाचून खुर्चीत जरा सावरून बसलो.

कधी बदलायचा, याची तारीख कुणी देत नाही. एक म्हणतो वर्ष, एक म्हणतो दोन, तिसरा चार्जिंगचा हिशेब मांडायला सांगतो. तिघेही सेल विकणारे. मतभेद आहे पण हितसंबंध एक.

त्यातल्या त्यात पटलं ते हे: पूर्वीच्या निम्मंच चालायला लागला, चार्ज होताना हाताला चटका बसेल इतका तापला, तर निवृत्ती द्या. फुगला, चेपला, वास आला, अंगावरचं प्लास्टिक फाटलं, तर त्याच दिवशी वापर बंद. प्लास्टिक म्हणजे शोभा नाही, ते त्याचं सोवळं. ते सुटलं की सेल ज्याला त्याला शिवतो आणि मग अनर्थ.

सु.ला फोन केला. फाटलेला आजच काढ म्हटलं. "चिकटपट्टी लावलीय," म्हणाला.

चिकटपट्टी.


१६ नोव्हें., रविवार. रहिमतपूरच्या अलीकडे, सु.चं गाव.

स्कूटरवरून गेलो. ऊसतोड अजून त्यांच्या रानापर्यंत पोचलेली नाही. उसात बिबट्याची मादी पिलं घेऊन आहे असं गाव म्हणतं, त्यामुळे रात्री पिकाला पाणी धरायला जाताना टॉर्च दांडगा लागतो. सु.च्या टॉर्चला सेल एकच, पण मापाने यंत्रातल्यासारखाच. इथेच सगळी गोम.

वहिनींनी दोघांपुढे चहा ठेवला, स्वतः आल्याचं गरम पाणी घेऊन बसल्या. या बाईला मी दिवसातून पाच वेळा चहा पिताना बघितलेलं आहे. पाचव्या वेळी मलाही बळेच पाजायच्या. स्टेंटनंतर गावदेवीपुढे नारळ ठेवून त्यांनी सु.ला सांगितलं, तुम्ही बिडी सोडली तर मी चहा सोडला. तुम्ही ज्या दिवशी पुन्हा ओढाल त्या दिवशी मी पिणार, आणि तुम्हाला समोर बसवून पिणार.

नवस असा की मोडला तर नवऱ्याची नाचक्की. इतका धारदार नवस मी धर्मशास्त्रातही वाचलेला नाही.

यंत्राचं त्यांना ठाऊक नाही. मला ठाऊक, मुलाला ठाऊक, आणि म्हशीला, कारण सु. पाण्याच्या मोटारीच्या खोलीत ओढतो आणि म्हैस दारात बांधलेली असते. कधीतरी वहिनी तिकडे गेल्या आणि म्हणाल्या, ऐन थंडीत आंब्याचा वास कसा येतोय? सु.ने सांगितलं, उन्हाळ्यात आंब्यांची आढी घातली होती, भिंतीत मुरलाय. त्यांनी ते मानलं. हे सांगताना सु. हसला.

मोटारीच्या खोलीत पाहणी. तीन सेल. सुनेच्या नेलपेंटने एकावर एक ठिपका, दुसऱ्यावर दोन, तिसऱ्यावर तीन.

"दोगं मशीनमदी, एक टॉर्चवर. दर सोमवारी ड्युटी बदल," सु. म्हणाला.

"का?"

"एकाच्याच मानंवर लोड नको. पलटणीत असंच असतंय गड्या. पहारा काय एकच जवान देतोय व्हय?"

आणखी खोदलं तर आणखी निघालं. सु. सैन्यात सिग्नलला होता. वायरलेसच्या बॅटऱ्या पार रिकाम्या करायच्या आणि मगच चार्जिंगला लावायच्या, नाहीतर उस्ताद शिक्षा द्यायचा. ती शिस्त त्याने इथेही चालवली. सेल अगदी प्राण जाईतो वापरायचा, मग चार्ज. त्या जुन्या बॅटऱ्यांना ते मानवत होतं. या जातीच्या सेलला तोच जाच. आणि यंत्रातले दोन म्हणजे जोडी. एकत्र आणायचे, एकत्र चार्ज करायचे, एकत्रच काढायचे. एक दमलेला आणि एक ताजा असे जुंपले की ताजा ओढतो आणि दमलेला फरफटतो, तापतो.

म्हणजे एवढा जिवापाड सांभाळ करून याने तिन्ही सेल वेळेआधी म्हातारे केले. हे त्याला सांगितलं. बराच वेळ नेलपेंटचे ठिपके बघत बसला. "उस्ताद चुकीचं सांगत न्हवता," एवढंच म्हणाला.

नव्हताच. बॅटरी बदलली, उस्ताद तोच राहिला.


१९ नोव्हें.

शेजाऱ्यांचा मल्टीमीटर आणला. सु. तीन सेल घेऊन आला, रुमालात एकत्र गुंडाळून. ओरडलो. का ओरडलो ते त्याला समजलं नाही, मला नीट सांगताही आलं नाही. प्लास्टिकची साबणदाणी दिली.

रात्रभर चार्ज केलेले तिन्ही. पहिला ठीक. दुसरा जरा खाली. तिसरा, तोच फाटलेला, सकाळी पूर्ण भरलेला दाखवत होता, दुपारी जेवून उठलो तोवर पडलेला. कोणी हात न लावता. सौ. म्हणाली, हल्ली तुमचंही असंच होतं, जेवलात की पडता. मीटर तिच्या हातात दिला असता तर मलाही लावला असता.

जाताना सु.ने मूळ प्रश्न काढला. म्हणाला, "पंडित, तुजं शास्त्र काय सांगतंय? ह्यो धूर हाय का वाफ? वाफ आसंल तर मी बोललेलं मोडलं न्हाई."

पाठशाळेत आम्हाला आधी डोंगरावरचा धूर दाखवायचे आणि त्यावरून अग्नीचं अनुमान करायला लावायचे. याच्याकडे धूर दिसतो, अग्नी नाही. गुरुजी असते तर खूश झाले असते, की याला छडीने मारलं असतं? बहुधा मला.

निकाल राखून ठेवला.


२३ नोव्हें., रविवार. सांगली.

सौ.च्या माहेरी बारसं. पाळण्यात बाळ घालेपर्यंत थांबलो, घुगऱ्या खाल्ल्या, सटकलो. गणपती पेठेच्या मागे एकजण फवारणी पंपांचे, विजेवरच्या सायकलींचे बॅटरीचे गठ्ठे बांधून देतो. मालक बोलघेवडा. द्राक्षबागांचे दर, पावसाने झालेलं नुकसान, जावई, सगळं ऐकून घेतलं.

म्हटलं, टॉर्चसाठी दोन सेल, एकसारखे, जोडीने हवेत.

"टॉर्च करंट किती ओढतो?"

इथे गाडी अडली. यंत्र एका दमात जेवढा करंट ओढतं तेवढा टॉर्च ओढत नाही, तेव्हा टॉर्चचा म्हणून घेतलेला सेल यंत्रात घातला तर तो फार तापणार. हे मला दहा दिवसांच्या अभ्यासाने ठाऊक होतं. म्हणजे खोटं बोलून सेल मिळाला असता, पण चुकीचा. आठवत नाही म्हणालो.

"टॉर्चला एक लागतोय, तुम्ही जोडी मागताय. पंप नाही म्हणता, सायकल नाही म्हणता. कशात घालणार ते सांगा, देतो. नाही सांगितलं तर नाही देत. उद्या पेटलं की लोकं दुकानाचं नाव घेणार, तुमचं नाही."

बिनतोड. भडंग घेऊन परतलो. सौ.ने विचारलं कुठे होता, मी भडंग दाखवलं. सु.ला हसतो, पण आढीतला आंबा आता माझ्याही पिशवीत.


२७ नोव्हें.

थंडी वाढली. सु.चा फोन: यंत्र आता सकाळीच मरतं. पण थंडीत चांगला सेलही लवकर दमतो, तेव्हा हे वय की हवामान? कोण ठरवणार? तो पहाटे सेल काखेत धरून बसतो, बर्फातल्या चौकीवर बॅटऱ्या कपड्यांच्या आत धरायचे तसं. वहिनींना वाटतं छातीत दुखतंय. दोनदा विचारलं त्यांनी.

तिसरा सेल काढला का? "काढला." कुठे ठेवला? "ठिवलाय." फोन ठेवला.


३ डिसें., बुधवार.

झालं.

सु.च्या गावात माजी सैनिकांचा मेळावा. सु. जाकीट घालून, बिल्ले लावून. यंत्र घरी, पण बदली म्हणून ठेवलेला फाटका तिसरा सेल जाकिटाच्या खिशात सुटाच राहिलेला, आणि त्याच खिशात मोटारसायकलची किल्ली. कुणाचं तरी भाषण चालू असताना खिसा तापायला लागला. सु.ने हात घालून तो बाहेर काढला आणि मंडपाच्या खांबाशी टाकलेल्या वाळूत फेकला, वर पायाने वाळू लोटली. सवयीचा माणूस. लोकांना वाटलं मोबाइल. दोन बोटं भाजली, जाकिटाला रुपयाएवढं भोक. वर चिकटपट्टी वितळलेली.

डोंगरावरच्या धुराच्या धड्यानंतरचा धडा आठवला. तापलेला लोखंडाचा गोळा, अग्नी आहे पण धूर नाही. तेव्हा वाटायचं, असला गोळा कुणाच्या खिशात असणार?

सु. ठीक आहे. हे आधी लिहायला हवं होतं.

संध्याकाळी वहिनींचा फोन. त्यांनी याआधी मला कधी फोन केलेला आठवत नाही.

"भावजी, तुमाला खोटं बोलता येत न्हाई, म्हणून तुमाला इचारते. ह्ये बिडी वडत्यात का?"

"नाही वहिनी. बिडी नाही."

"बिडी न्हाई. मग काय हाय?"

मी म्हटलं, ते त्यालाच विचारा. त्या म्हणाल्या, विचारलं. टॉर्चचा सेल तापला म्हणाले. भर दुपारी, मेळाव्याला जाताना, जाकिटात टॉर्चचा सेल कुणी नेतं का? त्यांना उत्तर नकोच होतं.

"ऐतवारपातुर थांबते. तवर त्यांनी सांगितलं तर ठीक, न्हाईतर मी पातेलं चढवणार."

फोन ठेवल्यावर सौ. म्हणाली, घाम पुसा.


४ डिसें.

सु. आला, बोटांना पांढरी पट्टी. त्याचा युक्तिवाद: या आठवड्यात तीन नंबरची ड्युटी टॉर्चवरच होती. तेव्हा टॉर्चचा सेल म्हणालो, हे खोटं कुठून? वर तू येऊन तसं सांग, तुझ्यावर तिचा विश्वास आहे.

म्हटलं, सु., तू न्यायशास्त्र शिकला असतास तर मी उपाशी मेलो असतो. पण हे सांगायला मी येणार नाही. आलो तर खरं सांगायला येईन.

चिडला. उठला, चपला घातल्या, पुन्हा काढल्या, बसला.

"पंडित, मशीन गेलं तर मी बिडी परत धरीन रं. मला म्हायतीय. ती चहा पेली तर मला काय वाटंल म्हणून न्हाई सांगत. ती पेली की माज्याकडं धरून ठिवायला कायच राहत न्हाई."

चौथीपासूनच्या ओळखीत हा माणूस इतकं सलग बोललेला नाही. मी थट्टा शोधत होतो, सापडली नाही.

सौ.ने चहा आणला. त्याने घेतला नाही.


७ डिसें., रविवार.

त्याच्या घरी. ओसरीवर तिघं. सु.ने आत जाऊन यंत्र आणलं आणि चहाच्या तबकात ठेवलं, वहिनींसमोर. जाकीट घडी करून शेजारी.

त्यांनी ते उलटंपालटं केलं. शेतातली भाजी बघावी तसं, घाई नाही.

"ह्यात तंबाकू हाय?"

"तंबाकू न्हाई. तिचा अर्क हाय," सु.

"म्हंजी हाय." मग तोंडाशी नेऊन हुंगलं. "आढी हीच व्हय?"

सु.ने मान हलवली. मला वाटलं त्या हसतील. ओठ हलले खरे.

कोणी दिलं, कधीपासून, कुठे ओढता, दिवसातून किती वेळा. सु. उभा राहून उत्तरं देत होता. मुलाचं नाव आलं तेव्हा वहिनींनी एकदा डोळे मिटले, बाकी काही नाही. मग माझ्याकडे वळल्या.

"भावजी, तुमी संस्कृत शिकलाय. ह्यो धूर का वाफ?"

राखून ठेवलेला निकाल मागितला गेला. मी सुरुवात केली की एका दृष्टीने बघता अग्नी नाही, तेव्हा धूर म्हणता येत नाही, पण डॉक्टरांच्या दृष्टीने...

"मी डाक्टरला न्हाई इचारलं."

"मला माहीत नाही, वहिनी."

त्या उठून आत गेल्या. पातेलं ठेवल्याचा आवाज आला. गॅस पेटला. सु. उभाच होता, तो आणखी ताठ झाला. पाण्याला उकळी येईपर्यंत आम्ही दोघं अंगणातल्या म्हशीकडे बघत राहिलो. तिला सगळं ठाऊक होतं आणि ती रवंथ करत होती.

बाहेर आल्या. कप दोन. एक मला, एक त्याला. त्यांच्या हातात आल्याचं पाणी.

"माजं मी ठरवीन. चहा कवा प्यायचा त्ये मी ठरवीन," म्हणाल्या. "तुमी दोगं सेल कवा बदलायचं त्येच ठरवा."

मग यंत्रातले दोन्ही सेल काढून दाखवायला लावले. धातूशी ठेवायचे नाहीत, एकमेकांना शिवू द्यायचे नाहीत, हे मी सांगितलं. त्यांनी लोणच्याची चिनी मातीची रिकामी बरणी आणली, तळाशी कोरडी वाळू, एक सेल, वर वाळू, दुसरा सेल, वर वाळू, आणि तोंडाला फडक्याचा दादरा बांधला. घरात वर्षाचं लोणचं भरावं तसं. वाळूतून उकरून आणलेला तिसरा बाहेर परसात, खापरात. रिकामं यंत्र फडताळावर, रेडिओशेजारी. लपवलं नाही.

निघताना त्यांनी विचारलं, टॉर्च आता कशावर चालणार, रानात ती मादी हाय.

अरे हो. टॉर्च.


१२ डिसें. सांगली.

एकटाच गेलो, बस. सौ.ला खरं सांगून.

पेठेतल्या मालकाला सगळं सांगितलं. टॉर्चला एक. आणि एका यंत्राला जोडी. यंत्राचं नाव सांगितलं. त्याने कानावर हात ठेवला, म्हणाला, नाव मी ऐकलं नाही, करंट किती ओढतं तेवढं ऐकलं. आतून जोडी काढली, दोन्हींवर एकच खूण, मीटर लावून दोन्ही एकसारखे आहेत हे दाखवलं. टॉर्चचा वेगळा. प्रत्येकी प्लास्टिकची डबी. म्हातारे तीन बरणीसकट नेले होते, ते ठेवून घेतले. कचऱ्यात टाकू नका, मोडीत काढणारे गोळा करून नेतात, त्यांना पाठवतो म्हणाला. बरणी मात्र परत मागून घेतली. वहिनींची आहे.

विचारलं, नवी जोडी कधी बदलायची?

"तुम्हाला कळेल," म्हणाला. दहा दिवस वाचून मी जे शिकलो नाही, ते याने दोन शब्दांत टाळलं.


२० डिसें.

सु. टॉर्चचा सेल न्यायला आला. बोटं बरी. सोबत गूळ. तोंडात लवंग, सारखी. घरातली लवंगेची डबी संपवली म्हणाला.

जोडीची डबी माझ्या टेबलावर, शाईच्या दौतीशेजारी. त्याने ती उचलली, कानाशी धरून हलवली, जशी काही वाजणार होती. परत ठेवली.

"ऱ्हाऊ दे हितंच."

वहिनी काय म्हणतात? "काय न्हाई म्हणत." चहा? "मला द्येत्यात. सौताचं आल्याचं पाणी." बिडी? लवंग दुसऱ्या गालात सरकवली. दारापर्यंत सोडायला गेलो तेव्हा मुद्दाम जवळून वास घेतला. लवंग. लवंगेच्या पलीकडे काय आहे, याचं अनुमान शास्त्राने करता येत नाही. मैत्रीने करता आलं असतं, केलं नाही.

गेल्यावर डबी उघडून मीटर लावला. दोन्ही अजून एकसारखे. पण कपाटात पडून राहिले तरी झिजतात, हे मी गेल्या महिन्यात लिहून ठेवलंय. मग काही न करणं म्हणजे जपणं, असं तरी कसं म्हणावं.

मीटर शेजाऱ्यांनी परत मागितलाय. देईन.


२६ डिसें., शुक्रवार.

जिल्हा परिषदेची बातमी दिली. निवडणुकीच्या गप्पांनी डोकं उठलं.

दुपारी वहिनींचा फोन. या वेळी आवाज नेहमीचा. ऊस गेला, रान मोकळं झालं, मादी पिलं घेऊन पुढच्या शिवारात गेली म्हणतात. सुनेची खुशाली. मुलगा मार्चमध्ये येतोय, त्याला काय बोलायचं ते बोलणार आहेत. मग म्हणाल्या:

"भावजी, ऐतवारी या. येताना त्ये नवं सेल आणा."

आणतो म्हटलं.

"आन् वाटंत चहाची पुडी घ्या. घरातली संपली."

बरं म्हटलं. फोन ठेवल्यावर लक्षात आलं, विचारायला हवं होतं. पुडी संपली ती आल्यागेल्याच्या चहाने, सु.च्या चहाने, की आणखी कुणी हातभार लावला? मागवलेले सेल यंत्राला, की त्या बरणीत पुन्हा वाळूखाली? त्या ठरवणार म्हणाल्या होत्या. ठरलंय. काय ठरलंय ते तिघांपैकी एकीलाच ठाऊक.

सौ.ला विचारलं, तुला काय वाटतं? म्हणाली, पुडी मोठी घ्या.

सु.ला फोन लावला, त्याने उचलला नाही. बहुधा रानात असेल.


२८ डिसें., रविवार.

पिशवी भरली. वहिनींची बरणी धुऊन, वर्तमानपत्रात गुंडाळून. वर चहाची पुडी, मोठी. सेल प्लास्टिकच्या डबीत, सदऱ्याच्या डाव्या खिशात. स्कूटरची किल्ली उजव्या.